झिरो बघून घ्या!

पेट्रोल पंपापासून ईएमआयपर्यंत आणि नाइट लॅम्पपासून पोलीस स्टेशनपर्यंत आपला दिवस झिरोंनी भरलेला आहे. पण प्रत्येक झिरो खरोखरचा शून्य असतो का?

‘साहेब, झिरो बघा!’

पेट्रोल पंपावर हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की आता कानात शिरतच नाही. पंपवाला मीटरकडे बोट दाखवतो, आपण मोबाइलमधून मान वर न काढता ‘हां हां’ म्हणतो आणि विषय संपतो. खरं तर तो बिचारा आपल्याला लाखमोलाचा सल्ला देत असतो. कारण झिरो ही बघून घ्यायचीच गोष्ट आहे. फक्त पंपावर नाही, सगळीकडे!

जरा आठवून पाहा. रात्री उशाशी झिरोचा बल्ब. कँटीनमध्ये हातात झिरो शुगरचा कॅन. मोबाइलवर झिरो पर्सेंट ईएमआयचा मेसेज. गाडीचा झिरो डेप इन्शुरन्स. पगाराचं झिरो बॅलन्स अकाउंट (आणि पंचवीस तारखेनंतर खरोखरचा झिरो बॅलन्स!). बॉसला हवं असलेलं प्रेझेंटेशन ‘शून्य मिनिटांत’. आणि एवढं सगळं करून अप्रेझलमध्ये इन्क्रिमेंट किती? जाऊ दे, तो विषय नको.

मुद्दा असा की ज्याची किंमत काहीच नाही असं आपण शाळेत शिकलो, त्याच्यावर आज अख्खं मार्केट चालतंय. तेव्हा या झिरोची जरा नीट ओळख करून घेऊ या.

पूज्य, भोपळा आणि सुन्न डोकं

सुरुवात घरापासून. मराठीत शून्याला जेवढी नावं आहेत तेवढी लाडक्या बाळालाही नसतील. आजी-आजोबांच्या पिढीत शून्याला सरळ ‘पूज्य’ म्हणत. ‘अकलेच्या नावानं पूज्य!’ हा टोमणा तिथूनच आला. पूज्य म्हणजे पूजा करावी असं आणि पूज्य म्हणजे काहीच नाही. दोन टोकांचे अर्थ एकाच शब्दात. काय राव, भाषा असावी तर अशी!

परीक्षेत आणि क्रिकेटमध्ये शून्याचा होतो ‘भोपळा’. खातं उघडलं की भोपळा फुटतो. विचारात हरवलेला माणूस ‘शून्यात नजर लावून’ बसतो. धंद्यात नाव काढलेला माणूस ‘शून्यातून विश्व’ उभं करतो. खिशातलं शून्य म्हणजे ‘ठणठणगोपाळ’. आणि क्लायंट कॉल दोन तास चालला की जे डोकं ‘सुन्न’ होतं, किंवा मित्र ऑनसाइटला गेल्यावर जे ‘सुनं सुनं’ वाटतं, ते शब्दही शून्याच्याच घरातले. संस्कृतमधला शून्य प्राकृतात ‘सुण्ण’ झाला आणि तिथून आपल्या डोक्यात शिरला.

बरं, ‘झिरो’ हा इंग्लिश शब्द तरी परका आहे का? तोही फिरून घरी आलेला. अरबांनी आपल्याकडून आकडे घेतले आणि ‘शून्य’चं भाषांतर केलं ‘सिफ्र’, म्हणजे रिकामं. फिबोनाची या इटालियन गणितज्ञानं १२०२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्याचं लॅटिन रूप केलं ‘झेफिरम’. तेच पुढे इटालियनमध्ये झालं ‘झेरो’. त्याच सिफ्रची दुसरी शाखा म्हणजे इंग्लिशमधला ‘सायफर’. म्हणजे गुप्त लिपी. आपल्या पासवर्डचा आणि शून्याचा पूर्वज एकच आहे, बॉस!

तिशीतला एक तरुण

‘शून्याचा शोध आर्यभटानं लावला’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. प्रकरण तेवढं सोपं नाही. शून्य कुणी एका सकाळी उठून शोधलं नाही. ते हळूहळू घडत गेलं.

वीकेंडला नाणेघाटात ट्रेकला जाता ना? तिथल्या गुहेतला सातवाहनांचा शिलालेख या वेळी सेल्फी काढायच्या आधी जरा बघा. सुमारे दोन हजार वर्षं जुन्या या लेखात यज्ञात दान दिलेल्या गायींचे आणि नाण्यांचे आकडे कोरलेत. शेकड्यांत आणि हजारांत. पण शून्य मात्र एकही नाही! कारण तेव्हा दहासाठी वेगळी खूण होती, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी आणखी वेगळी. शून्याची गरजच पडत नव्हती.

गरज पडली ती आकड्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरायला लागली तेव्हा. ६०५ लिहायचं तर मधली जागा रिकामी आहे हे दाखवायला काहीतरी हवं. आणि योगायोग बघा, नेमका हाच आकडा कंबोडियातल्या एका शिलालेखात सापडला. शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३. मधल्या शून्याच्या जागी चक्क एक टिंब! शक म्हणजे तोच, जो आपल्या घरच्या कालनिर्णयावर आजही छापलेला असतो. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा लेख आहे. देवळाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या फुलांच्या माळा ५०. त्यातलं शून्य अगदी आपण लिहितो तसंच गोल.

पण रिकामी जागा दाखवणं वेगळं आणि शून्याला स्वतःचा नंबर म्हणून मान देणं वेगळं. ते काम केलं ब्रह्मगुप्तानं. साल ६२८, ठिकाण भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातलं भीनमाळ. आणि वय? फक्त ३०! ज्या वयात आपण होम लोनची चौकशी करतो, त्या वयात या पठ्ठ्यानं शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहून ठेवले. त्याची भाषासुद्धा तुमच्या-आमच्या ओळखीची, धन आणि ऋण. एखाद्या संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य. शून्यातून ऋण वजा केलं की ते धन होतं. क्रेडिट कार्डवाल्यांनी ही दोन वाक्यं फ्रेम करून टेबलावर ठेवायला हरकत नाही!

त्याची गाडी अडली ती भागाकारावर. शून्याला शून्यानं भागलं तर शून्य, असं त्यानं लिहिलं. ते आजच्या गणिताला मान्य नाही. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या संख्येला ‘खहर’ असं नाव देऊन ती अनंत मानली. ‘ख’ म्हणजे आकाश, म्हणजेच शून्य. या भास्कराचार्यांच्या घराण्याची आठवण आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे. त्यांच्या नातवानं तिथे मठ काढल्याचा शिलालेख देवळात आजही बघायला मिळतो.

झिरो, पण झिरो नाही!

इतिहासाचा तास संपला. आता आजच्या मार्केटमधले झिरो बघू. इथे ‘बघा’ हा शब्द अंडरलाइन करा.

झिरो बल्ब: नाव झिरो, पण जुना झिरोचा बल्ब साधारण १५ वॅटचा. पूर्वीच्या चकतीवाल्या मीटरवर एवढीशी वीज धड नोंदलीच जायची नाही, म्हणून तो झिरो. हिशेब केला तर रोज आठ तास म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटं. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर काही सोडत नाही. एलईडीवाला घ्या, तो अर्ध्या-एक वॅटमध्ये काम भागवतो.

झिरो शुगर: डाएटवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० ग्रॅम किंवा १०० मिलीलीटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपर्यंत साखर असली तरी ‘शुगर फ्री’ म्हणता येतं. ट्रान्स फॅट फ्रीचंही तसंच. तिथे मर्यादा ०.२ ग्रॅमच्या आतली. हे प्रमाण अगदी कमी आहे, घाबरायचं कारण नाही. पण शुगर फ्री म्हणजे कॅलरी फ्री नाही, हे मात्र विसरू नका. शुगर फ्री मिठाईत खवा आणि तूप असतंच की! त्याचा हिशेब लेबलच्या मागच्या बाजूला असतो, पुढच्या नाही.

साइज झिरो: २००८ मध्ये ‘टशन’ आला, करीना कपूरची फिगर गाजली आणि जिमच्या रांगा वाढल्या. पण अमेरिकन मापातला हा झिरो म्हणजे फक्त लेबलवरचा आकडा. ब्रँड बदलला की त्याचे इंचही बदलतात. त्याच्या दोन वर्षं आधी, २००६ मध्येच, माद्रिदच्या फॅशन वीकनं १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेल्सना रॅम्पवर मनाई केली होती. शरीर झिरो करायची गोष्ट नाही, एवढं त्यांना तेव्हाच कळलं होतं.

झिरो डेप: गाडीच्या साध्या पॉलिसीत क्लेम करताना प्लास्टिक-रबरच्या पार्टची ५० टक्के आणि फायबरच्या पार्टची ३० टक्के किंमत घसारा म्हणून कापली जाते. हल्लीचा बंपर म्हणजे प्लास्टिकच. झिरो डेपमध्ये ही कापाकापी होत नाही, म्हणून नव्या गाडीला ते फायद्याचं. पण तुमच्या खिशातून शून्य रुपये जातील असा त्याचा अर्थ नाही. ठरावीक रक्कम आपल्याला भरावीच लागते. आणि वर्षात किती क्लेम चालतील, हे पॉलिसीत वाचून घ्या.

झिरो बॅलन्स: सॅलरी अकाउंट झिरो बॅलन्स असतं ते पगार येतोय तोपर्यंत. जॉब बदलला, पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला की काही महिन्यांत तेच खातं साधं सेव्हिंग अकाउंट होतं आणि मिनिमम बॅलन्सचा दंड सुरू होऊ शकतो. जुनी खाती एक तर बंद करा किंवा बँकेकडून बेसिक सेव्हिंग अकाउंटमध्ये बदलून घ्या. त्यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नसते. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. केवळ मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे खातं शून्याच्या खाली, मायनसमध्ये नेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

सगळ्यात महागडा झिरो

आता येऊ या खऱ्या हिरोकडे. झिरो पर्सेंट ईएमआय!

दिवाळी आली की नवा फोन, नवा टीव्ही, सगळं काही सहा सोप्या हप्त्यांत आणि व्याज म्हणे शून्य. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना खडसावलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज असतंच, ते प्रोसेसिंग फीच्या आड लपवलं जातं. त्यानंतर नाव बदललं आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ आलं. त्यात व्याजाएवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते आणि बँक आपलं व्याज घेतेच. क्रेडिट कार्डवर असाल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या बिलात येतो. शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी.

चला, एक छोटं गणित करू. समजा, फोनची किंमत ३०,००० रुपये. सहा महिने ५,००० चा हप्ता, व्याज शून्य. पण तोच फोन रोख घेतला तर दुकानदार २,००० रुपये सूट देतोय. म्हणजे फोनची खरी किंमत २८,०००. तुम्ही खरं तर २८,००० चं कर्ज घेतलं आणि ३०,००० फेडले. दोन हजार म्हणजे सात टक्के, असं वाटतं ना? पण पूर्ण रक्कम तुमच्याकडे सहा महिने राहतच नाही. दर महिन्याला ५,००० परत जातात. नीट हिशेब मांडला तर हा व्याजदर पडतो महिन्याला सुमारे २ टक्के. म्हणजेच वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास! पर्सनल लोनसुद्धा बऱ्याचदा याहून स्वस्त पडतं.

म्हणून फंडा सोपा आहे. झिरो पर्सेंट ऐकलं की दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ‘रोख घेतलं तर कितीला द्याल?’ किंमत तेवढीच राहिली आणि फी-जीएसटीही किरकोळ असला, तर खुशाल घ्या. किंमत खाली आली, तर तो फरक म्हणजेच तुमचं व्याज.

ओ की झिरो?

ऑफिसमधला हा रोजचा डोकेदुखीवाला विषय. कोड टाइप करताना गोल दिसतो तो आकडा की अक्षर? काही ठिकाणी उत्तर पक्कं आहे.

बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ खुणा असतात. पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवी जागा कायम शून्याची. तिथे ‘ओ’ टाकलात की ट्रान्सफर अडलंच. पॅन कार्डवर पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. म्हणजे सहा ते नऊ या जागांवर गोल दिसला तर तो शून्य, बाकी ठिकाणी ‘ओ’. गाडीच्या नंबरमध्ये तर ही भानगड मुळातच टाळलीय. एमएच-१२ नंतरच्या सीरिजमध्ये ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरतच नाहीत.

दुसरी गोची लाख आणि मिलियनची. लाखावर पाच शून्यं, कोटीवर सात. मिलियनवर सहा, बिलियनवर नऊ. दहा लाख म्हणजे एक मिलियन आणि शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एवढं डोक्यात फिट्ट बसवा. परदेशी क्लायंटच्या शीटमध्ये स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर असतो, आपल्या शीटमध्ये शेवटचे तीन सोडले की दोन-दोनवर. त्यामुळे स्वल्पविराम मोजू नका, शून्यं मोजा. यूपीआयवर तर जास्तच जपा. पाचशेचे पाच हजार व्हायला अंगठ्याचा एक टॅप पुरतो आणि पिन टाकल्यावर अनडूचं बटण नसतं.

कामाचा झिरो

आतापर्यंत बघितले त्यातले बरेच झिरो बनेल निघाले. आता एक असा झिरो, जो अडचणीत तुमच्या बाजूनं उभा राहतो. झिरो एफआयआर.

कल्पना करा. मुंबईहून पुण्याला निघालात, ट्रेनमध्ये डुलकी लागली आणि उतरताना लॅपटॉपची बॅग गायब. चोरी कर्जतला झाली की लोणावळ्याला, कुणास ठाऊक! पोलिसांत गेलात आणि समोरून उत्तर आलं, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’ तुम्ही काय करता? बहुतेक जण गप्प घरी जातात.

जाऊ नका. चोरी, गंभीर मारहाण, विनयभंग अशा दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस स्टेशनला देता येते, मग हद्द कुणाचीही असो. तिथे तिला नेहमीचा क्रमांक न देता ‘शून्य’ क्रमांकानं नोंदवतात आणि ज्यांची हद्द आहे त्या स्टेशनकडे पाठवतात. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या भीषण घटनेनंतर यावर भर दिला गेला आणि २०१३ मध्ये केंद्रानं राज्यांना तशा सूचना दिल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तर हे स्पष्टच लिहिलंय. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळायला हवी. नोंदवून घ्यायला नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. रात्री उशिरा कॅबनं घरी जाणाऱ्या प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं हा कलम नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावा. वेळ येऊ नये, पण आली तर मिनिटं महत्त्वाची असतात.

सावलीही शून्य

एवढ्या गंभीर गोष्टींनंतर एक मस्त झिरो. आणि हा शंभर टक्के खरा! वर्षातून दोन दिवस आपली सावली गायब होते. सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ही गंमत राज्यात सगळीकडे बघायला मिळते. पुण्यात साधारण १३ मे आणि मुंबईत १५-१६ मे या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास. जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा, पण तेव्हा ढग मध्ये येतात. लंच अवरला टेरेसवर जा, पाण्याची बाटली उन्हात सरळ उभी करा आणि बघा. तिकीट झिरो!

आणि शेवटी भोपळा

क्रिकेटमधला सगळ्यात प्रसिद्ध भोपळा डॉन ब्रॅडमनचा. १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या इनिंगमध्ये चार धावा हव्या होत्या, की सरासरी शंभर. एरिक हॉलीजनं शून्यावर उडवलं आणि आकडा अडकला ९९.९४ वर.

पण आपल्याला जवळचा भोपळा दुसराच. १८ डिसेंबर १९८९, गुजरांवाला. सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिली वनडे खेळायला उतरला आणि वकार युनूसच्या बॉलवर शून्यावर आउट झाला. दुसरी वनडे मार्च १९९० मध्ये, ड्युनेडिनला. पुन्हा शून्य! वनडेतलं पहिलं शतक यायला सप्टेंबर १९९४ उजाडलं. तोवर ७८ मॅच होऊन गेल्या होत्या. तिथून पुढे ४९ वनडे शतकं आणि कसोटी धरून एकूण १००.

तेव्हा नव्या जॉबचे पहिले दोन महिने भोपळ्याचे गेले, तर लगेच रेझ्युमे अपडेट करायला बसू नका. शून्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, हे आपण नाणेघाटापासून बघत आलोय. आकड्याच्या आधी आलं तर फुकट, नंतर आलं तर दसपट. आधी एक तरी आकडा उभा करा. शून्यं काय, मागून येतातच!